सुपरचार्जरची पुली तुटली तर: जुन्या मिनी कूपर एसच्या नव्या मालकांसाठी

इंग्लंडमध्ये नोकरीसाठी आलेली आणि गाड्यांची हौस असलेली आपली काही मंडळी इथे स्थिरावली की हौसेची पहिली गाडी म्हणून जुनी मिनी कूपर एस घेतात. निवड चांगली आहे. २००१ ते २००६ या काळात ऑक्सफर्डच्या काउली कारखान्यात बनलेली ही गाडी आर ५३ या सांकेतिक नावाने ओळखली जाते. १५९८ सीसीचं ट्रायटेक इंजिन ब्राझीलमधल्या काम्पो लार्गोत बनलेलं, त्यावर ईटन कंपनीचा एम ४५ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा, बेल्टवर फिरणारा पंप. पुढच्या पिढीच्या कूपर एसमध्ये टर्बो आला, त्यामुळे सुपरचार्जरचा तो कर्कश, चढत जाणारा आवाज हवा असेल तर याच पिढीकडे यावं लागतं.

अशी गाडी विकणारा हमखास सांगतो, "पंधरा टक्क्यांची पुली टाकलेली आहे." म्हणजे सुपरचार्जरच्या तोंडावरची मूळ पुली काढून, सुपरचार्जर जास्त वेगाने फिरावा म्हणून १५ टक्के कमी व्यासाची बसवली आहे. ती कोणी बसवली, कशी बसवली, बेल्ट कोणत्या लांबीचा टाकला, हे मात्र त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. पुली तुटते ती याच न सांगितलेल्या गोष्टींमुळे. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की जो भाग तुटला त्याला लगेच दोषी धरू नका. तो का तुटला हे कळण्याआधी नवा भाग बसवलात, तर तोही तुटणार.

रस्त्यात तुटली तर

या इंजिनाची एक रचना नव्या मालकाला माहीत असलीच पाहिजे. पाण्याचा पंप बेल्टवर थेट चालत नाही. तो सुपरचार्जरच्या मागच्या टोकाला जोडलेला आहे आणि सुपरचार्जर फिरला तरच फिरतो. सुपरचार्जर, एसीचा कॉम्प्रेसर आणि अल्टरनेटर हे सगळे एकाच सहा धारांच्या बेल्टवर आहेत. म्हणजे पुली तुटली किंवा बेल्ट उडाला की हवेचा दाब जातो, बॅटरी चार्ज होणं थांबतं आणि इंजिनातलं पाणीही फिरायचं थांबतं.

फसवणारी गोष्ट अशी की इंजिन लगेच बंद पडत नाही. ताकद गेलेली असते, पण गाडी चालते, आणि "घर जवळच आहे, हळूहळू नेऊ" असा मोह होतो. नेऊ नका. पाणी फिरत नसेल तर तापमानाचा काटाही भरवशाचा राहत नाही, कारण सेन्सरजवळचं पाणी जागच्या जागी असतं आणि सिलिंडर हेड तिकडे तापत राहतं. हेड वाकलं किंवा त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा थर) गेलं तर पुलीच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च येतो.

एखादा खाडकन आवाज, लगोलग बॅटरीचा लाल दिवा आणि दबलेली ताकद, हे तिन्ही एकत्र आले की सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बॅटरीचा लाल दिवा एकटा आला तरी या गाडीत तेच करा. मोटारवेवर असाल तर धोक्याचे दिवे चालू ठेवा, डाव्या दाराने उतरा आणि कठड्यापलीकडे उभे राहा. मोटारवेवर त्रिकोण ठेवायला मागे चालत जायचं नाही, इथला नियमच तसा आहे. बॉनेट उघडून बघायचा मोह तिथे आवरा आणि गाडी उचलून नेणाऱ्यांना बोलवा. बोलावताना "बेल्ट तुटलाय, इंजिन चालू करता येणार नाही" हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते दोरीने ओढायला न येता ट्रक घेऊन येतील.

नेमकं काय तुटलं?

गाडी घरी किंवा गॅरेजात आली, पूर्ण थंड झाली, की बॅटरीची ऋण तार सोडा. पुढचं उजवं चाक काढायचं आहे, कारण बेल्ट त्याच बाजूला आहे. चाकाच्या बोल्टांपैकी एकाला कुलूपवजा टोपी असते. ती उघडायची खास गोटी (सॉकेट) डिकीत आहे का ते गाडी घेतानाच बघून ठेवायला हवं. गाडी जॅकवर उचलली तरी ती नेहमी एक्सल स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. हे सगळे सांगतात आणि तरी लोक घालतात, म्हणून पुन्हा सांगतो.

चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर काढलं की क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली, टेन्शनर आणि बेल्टचा बराचसा मार्ग दिसतो. काहीही हात लावण्याआधी फोनवर भरपूर फोटो काढा. बेल्ट अजून जागेवर असेल तर त्याचा मार्ग, तुटला असेल तर कुठे काय अडकलंय, सगळं टिपून ठेवा.

आता संशयित एकेक करून बघू.

क्रँकची पुली. माझ्या मते या गाडीत सगळ्यात आधी हिच्याकडे बघावं, पुली सुपरचार्जरची तुटलेली असली तरीसुद्धा. ही एकसंध नसते. आतला गाभा, बाहेरचं धारांचं कडं आणि दोहोंच्या मध्ये रबराचा थर अशी ती असते. क्रँकचे हादरे शोषून घेणं हे त्या रबराचं काम. वर्षांच्या उष्णतेने आणि गळक्या ऑइल सीलमधून आलेल्या तेलाने रबर सुटत जातं. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव सैल झाली की चाक फिरतं आणि धाव मागे राहते, तसंच इथे होतं. कडं गाभ्यावर घसरतं, मग हळूहळू आत किंवा बाहेर सरकतं, बेल्ट तिरका धावू लागतो आणि त्याचा मार वरच्या पुलीला बसतो.

हे ओळखायची सोपी रीत आहे. गाभ्यापासून कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. थोडी गाडी चालवून पुन्हा बघा. रेघ तुटून दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकले असतील, तर रबराने हात टेकलेत. अर्थात ही परीक्षा बेल्ट शाबूत असतानाच करायची. गाडी नवीन घेतली असेल तर आजच करून ठेवा. बेल्ट आधीच तुटला असेल तर रबराला भेगा, बाहेर डोकावणारे रबराचे पापुद्रे, आसपास काळी भुकटी आणि कड्याचा तिरकेपणा बघा.

सुपरचार्जरची पुली. बाजारातल्या छोट्या पुल्या दोन प्रकारच्या असतात. काही अखंड असतात आणि सुपरचार्जरच्या दांड्यावर दाबून घट्ट बसवलेल्या असतात. काही दोन भागांच्या असतात: आतला हब दांड्यावर कायम राहतो आणि बाहेरचं कडं लहान स्क्रूंनी त्यावर आवळलेलं असतं, म्हणजे माप बदलायचं तर नुसतं कडं बदलता येतं. दोन्हींची तुटण्याची तऱ्हा वेगळी आहे.

अखंड पुली सहसा दांड्यावर सैल होते आणि बाहेर सरकते, किंवा तिच्या धारा झिजतात. ॲल्युमिनियमच्या पुलीवरचा रंगीत मुलामा घासून धारांच्या माथ्यावर चांदीसारखी चकाकी आली असेल तर बेल्ट बराच काळ घसरत होता असं समजा. दोन भागांच्या पुलीत बहुतेक वेळा स्क्रू दगा देतात. एक सैल होतो, त्याचा भार बाकीच्यांवर येतो आणि मग ते एकामागून एक कापले जातात. स्क्रूचं तुटलेलं तोंड भिंगाखाली बघा. मुरडून, एकाच झटक्यात तुटलेला पृष्ठभाग खरखरीत दिसतो. हळूहळू थकून तुटलेल्यावर समुद्राच्या वाळूवर उमटतात तशा बारीक वळ्या दिसतात. दुसरा प्रकार असेल तर स्क्रू आवळण्यात चूक होती किंवा पुली कायम हादरत होती.

टेन्शनर. स्प्रिंगच्या जोराने बेल्ट ताणून धरणारा हा हात आहे. तो झटके खात असेल, त्याचा झटके शोषणारा भाग तेल गळून ओला झाला असेल किंवा त्याचा बुश झिजून चाक तिरकं झालं असेल, तर बाकी सगळं नवं टाकूनही बेल्ट पुन्हा उडेल. अडवणीपर्यंत जाऊन टेकलेला टेन्शनर म्हणजे बेल्ट गरजेपेक्षा लांब आहे. काही जण त्या अडवणीचा उंचवटा घासून टाकतात, म्हणजे हाताला जास्त फिरायला मिळतं. मी तसं सुचवणार नाही. योग्य लांबीचा बेल्ट घेतला की त्याची गरज पडत नाही.

राहिलेली चाकं. एसीच्या कॉम्प्रेसरची पुली, अल्टरनेटरची पुली, आडवं फिरकीचाक. बेल्ट नसताना प्रत्येक हाताने फिरवा. खरखर, अडखळणं, डगमगणं यातलं काहीही चालणार नाही. एसीचे पाइप मात्र स्वतः उघडू नका. आतला वायू काढण्यासाठी इथे परवानाधारक माणूसच लागतो.

सुपरचार्जर वाचलाय का?

हे तपासल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नका. तोंडाकडचा दांडा हाताने फिरवा. तो एकसारखा, हलक्याशा अवरोधाने फिरला पाहिजे. एखाद्या जागी अडकला, आत धातू धातूला घासल्याचं जाणवलं किंवा दांडा आत-बाहेर आणि वर-खाली हलला, तर आतली बेअरिंगं किंवा मागचे गिअर गेलेत. मग पुली हा परिणाम आहे, कारण आत आहे.

मागच्या टोकाच्या गिअरांना, म्हणजे पाण्याचा पंप फिरवणाऱ्या भागाला, स्वतंत्र तेल असतं. कारखान्याच्या हिशेबाने ते आयुष्यभराचं, पण वीस वर्षांच्या गाडीत ते आटलेलं किंवा काळंकुट्ट झालेलं सापडतं. तेल संपलं की गिअर झिजतात, पंप फिरायचा थांबतो आणि बेल्ट शाबूत असूनही इंजिन तापतं. लहान पुलीने हे गिअरही जास्त वेगाने फिरतात, त्यामुळे पुली बदललेल्या गाडीत हे तेल बदलणं मी अनिवार्य मानतो. त्यासाठी सुपरचार्जर उतरवावा लागतो, बंपर काढून पुढचा सांगाडा पुढे सरकवावा लागतो. काम मोठं आहे, पण पुली तुटल्यामुळे तसंही बरंच उघडलेलं असेल तर तेव्हाच उरकून घ्या.

त्यानंतर तुटलेले तुकडे शोधा. बाहेर उडालेला ॲल्युमिनियमचा तुकडा रेडिएटरच्या पात्यांत, पाण्याच्या नळीत, वायरांच्या जुडग्यात रुततो. खालच्या झाकणात टॉर्च मारून बघा, चुंबक फिरवा. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण स्क्रूचे तुकडे चिकटतात. गाडी तुटल्यावर थोडीही चालवली गेली असेल, तर नवी पुली बसवण्याआधी सिलिंडरांचा दाब मोजून घ्या. हेड गॅस्केट गेलेल्या इंजिनावर महागडी पुली बसवण्यात अर्थ नाही.

काढणं आणि बसवणं

आता खरं बोलू. नुकतंच पाने हातात घेतलेल्या माणसाने बेल्ट, फिरकीचाक आणि टेन्शनर बदलावा, त्यातून खूप शिकायला मिळतं. सुपरचार्जरच्या तोंडावरची दाबून बसवलेली पुली काढायची असेल तर त्यासाठीचं खास पुलर हवंच. ते भाड्याने मिळत नसेल किंवा कुणाकडून आणता येत नसेल, तर हे काम आर ५३ नेहमी हाताळणाऱ्या गॅरेजकडे द्या.

कारण असं आहे. पुली हातोड्याने ठोकून बसवली तर प्रत्येक ठोका दांड्यामार्फत आतल्या बेअरिंगवर आणि रोटरवर, म्हणजे हवा ढकलणाऱ्या फिरत्या भागांवर, जातो. रोटर एकमेकांना न शिवता फिरतात, त्यांच्यातली फट फार बारीक असते. ती बिघडली की सुपरचार्जर संपला. काढतानाही स्क्रूड्रायव्हर किंवा पहार घालून पुली उपटायला गेलात तर आवरण ॲल्युमिनियमचं आहे, ते फुटतं. पुलर दांड्याच्या मध्यावर टेकून पुलीला सरळ ओढतो.

जुनी पुली काढण्याआधी ती किती आत बसलेली आहे ते व्हर्नियरने मोजा: पुलीच्या बाहेरच्या कडेपासून सुपरचार्जरच्या तोंडाच्या कडेपर्यंत. नवी नेमकी तिथेच बसायला हवी, नाहीतर बेल्ट एका धारेने सरकतो. जुनी आधीच सरकलेली असेल तर तिच्या मापावर विसंबू नका. नव्या पुलीसोबत आलेल्या सूचनेतलं माप धरा. बसवून झाल्यावर सरळ पट्टी किंवा लेझरचं साधन लावून क्रँक, सुपरचार्जर आणि बाकीची चाकं एका रेषेत आहेत का ते बघा. पट्टी स्वस्त असते, तरी हे करायचं सगळ्यात जास्त राहून जातं.

दोन भागांच्या पुलीचा स्क्रू आत तुटून राहिला असेल तर उलट्या आट्याचा ड्रिल वापरा. बऱ्याचदा ड्रिल करतानाच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो. हबचे आटे खराब झाले असतील तर तो हब वापरू नका. नवे स्क्रू पुली बनवणाऱ्याकडूनच घ्या, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, आणि टॉर्क रेंचने समोरासमोरचे आळीपाळीने, त्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळा. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच लांबीचा स्क्रू सारखा दिसतो, पण त्याची ताकद सारखी नसते.

क्रँकची पुली बदलताना पुलर आतल्या गाभ्याला अडकवा, बाहेरच्या कड्याला नको. कड्याने ओढलं की रबर फाटतं. तिथे आहातच तर क्रँकचं ऑइल सील बघा. ओलं असेल तर ते बदलल्याशिवाय नवी पुली बसवू नका, नाहीतर तेल तिचंही रबर खाईल. बाजारात पूर्ण धातूच्या, हलक्या, रबर नसलेल्या क्रँक पुल्या मिळतात आणि "रबर नाही म्हणजे तुटायचं भय नाही" असं म्हणून विकल्या जातात. रबराचं काम हादरे शोषण्याचं होतं. ते काढलं की हादरे क्रँककडे जातात. पैसे असतील तर एटीआयसारख्या कंपनीचा पुन्हा दुरुस्त करता येणारा डँपर (हादरे शोषणारी पुली) घ्या, नसतील तर मूळ पद्धतीची नवी पुली घ्या. भाग मागवताना चॅसिस क्रमांकातली शेवटची सात अक्षरं-आकडे द्या, म्हणजे चुकीचा भाग येणार नाही.

बेल्ट आणि आकडेमोड

लहान पुलीला मूळ लांबीचा बेल्ट चालत नाही, थोडा आखूड लागतो. नेमका किती, हे पुली किती टक्क्यांची आणि क्रँकवर मूळ पुली आहे की मोठी, यावर ठरतं. पुली बनवणारा तो सांगतो. तुटलेला बेल्ट फेकू नका. पाठीवरचे आकडे वाचा आणि लांबी ताडून बघा. तुटण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

आणि पुढच्या वेळी "आणखी लहान टाकू का" हा प्रश्न येईल तेव्हा हा हिशेब करा. व्यास १५ टक्क्यांनी घटला की फिरण्याचा वेग १५ टक्क्यांनी वाढत नाही, साधारण १७.६ टक्क्यांनी वाढतो. १९ टक्क्यांच्या पुलीने तो सुमारे २३.५ टक्क्यांनी वाढतो. मूळ गाडीत सुपरचार्जर इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरतो. इंजिन ६,००० फेऱ्यांवर असेल तर तो बारा हजारांच्या आसपास, आणि १५ टक्क्यांच्या पुलीने चौदा हजारांच्या वर. त्यात लहान पुलीवर बेल्टची मिठी कमी असते, पकडायला जागा कमी मिळते आणि फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला १५ पुरे, असं माझं ठाम मत आहे. १९ ची पुली आधीच असेल आणि ती वारंवार तुटत असेल, तर मागे १५ वर या. गाडी तेवढीच गोड वाटेल आणि हवा कमी तापल्यामुळे उन्हाळ्यात कदाचित जास्त जोमाने पळेल.

पहिल्यांदा चालू करताना

इंजिन चालू करण्याआधी क्रँक पान्याने हातानेच दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि बेल्ट प्रत्येक धारेत बसलाय का ते बघा. पाणी भरून हवा काढा. मग चालू करून मिनिटभरात बंद करा, पुन्हा बघा. त्यानंतर आयडलवर ठेवून क्रँकची पुली फिरताना बाजूने निरखा, सैल कपडे आणि लांब केस दूर ठेवून. डगमग डोळ्यांनाही कळते. तापमान स्थिर राहिलं आणि दिवा आला नाही, तर गल्लीतून छोटी फेरी, पूर्ण जोर न देता.

पहिले काही दिवस बेल्टची कड, स्क्रूवर मारलेल्या रंगाच्या खुणा आणि क्रँकवरची रेघ बघत राहा. रेघ नव्या पुलीवरही ओढा.

एक कागदी काम राहतं. इथे विमा काढताना गाडीत केलेले बदल विचारले जातात, आणि सुपरचार्जरची पुली हा बदलच आहे. आधीच्या मालकाने बसवली होती हे कारण चालत नाही. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे खोटी माहिती जाणार नाही याची काळजी घेणं विमा घेणाऱ्याकडे आहे. अपघातानंतर ते उघड झालं तर दावा अडकू शकतो. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. आणि गाडी कधी भारतात न्यायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आधी वाचा, तिथे मूळ बनावटीत बदल करण्यावर बंधनं आहेत. म्हणूनच मूळ पुली टाकून देऊ नका; तेलाचा हात लावून, नाव घालून डब्यात ठेवा.